शेजारी बांधकाम, घरात पाळणाघर : मुलांच्या सुरक्षेची तजवीज काम सुरू होण्याआधीच हवी

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. पेडणे तालुक्याचे रूप त्याआधीच पालटू लागले होते. राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण, धारगळ परिसरातील नवे प्रकल्प, मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांतील हॉटेले व बंगले आणि जुन्या घरांवर चढणारे भाड्याच्या खोल्यांचे मजले, असा हा पसारा आहे. डिचोली तालुक्याचे चित्र थोडे वेगळे आहे. डिचोली आणि साखळी या शहरांत दाट वस्तीत इमारती उभ्या राहत आहेत. शिवाय 2018 मध्ये थांबलेले खाणकाम 2024 मध्ये डिचोलीत पुन्हा सुरू झाल्याने खनिजवाहू ट्रकही रस्त्यावर आले आहेत.

नोकरीसाठी आई-वडील दोघेही घराबाहेर पडू लागले की मुलांना सांभाळण्याचा प्रश्न उभा राहतो. वाड्यावरची एखादी काकी किंवा मावशी आपल्या घरी चार-सहा मुले सांभाळते आणि त्या घराला गावात पाळणाघर म्हणून ओळख मिळते. त्याला पाटी नसते, नोंदवही नसते. ओळखीवर आणि विश्वासावर ते चालते. अशा घराला लागूनच एक दिवस जेसीबी येऊन उभा राहतो, पाया खणला जातो आणि पुढचे वर्ष-दीड वर्ष त्या मुलांचा दिवस बांधकामाच्या सावलीत जातो.

अशा वेळी सर्वसाधारण भीती असते ती वरून दगड-वीट पडण्याची. ती खरीच आहे. परंतु पाळणाघरातील मुलांना अधिक धोका रोजच्या साध्या गोष्टींचा असतो. उघडे राहिलेले फाटक, पाण्याने भरलेला खड्डा, मागे येणारा टिप्पर, टाइल कापताना उडणारी धूळ आणि सामाईक भिंतीला गेलेला तडा यांतून दुर्घटना घडतात. यातील बहुतेक गोष्टी काम सुरू होण्याआधी बोलून घेतल्या तर टाळता येतात. काम निम्म्यावर आल्यावर मात्र कंत्राटदाराकडे वेळ नसतो आणि शेजाऱ्यांत बोलणे उरलेले नसते.

कायद्याच्या नजरेआड राहिलेले घर

बांधकामासाठी पंचायत क्षेत्रात गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 खाली पंचायतीचा परवाना लागतो. पेडणे, डिचोली आणि साखळी येथे पालिका आहेत, तेथे पालिकेचा. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि 2010 चे गोवा भूविकास व इमारत बांधकाम विनियम यांची चौकट त्याला असते. या प्रक्रियेत हद्दीपासून सोडायचे अंतर, उंची, रस्त्याची रुंदी, सांडपाण्याची व्यवस्था यांचा विचार होतो. शेजारच्या घरात दिवसभर सहा लहान मुले असतात, ही बाब मात्र नकाशावर कोठेच दिसत नाही. नकाशात ते केवळ एक राहते घर असते.

मुलांच्या सांभाळाविषयीचे कायदेही या घरापर्यंत पोहोचत नाहीत. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. ती जबाबदारी मालकाची आहे. वाड्यावरच्या घरगुती पाळणाघरामागे असा कोणी मालक उभा नसतो. ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालये, न्यायालये आणि शैक्षणिक संस्था यांच्याभोवती 100 मीटरचा शांतता विभाग सांगितला आहे. घरगुती पाळणाघर शैक्षणिक संस्थेत मोडत नाही. म्हणून शेजारी मुले आहेत हे सांगण्याचे काम पाळणाघर चालवणाऱ्या महिलेला आणि पालकांनाच करावे लागते. ते लेखी सांगितले तर पुढे उपयोगी पडते.

पहिले पत्र, पहिली भेट

शेजारच्या जागेची आखणी झाली, चुन्याच्या रेषा पडल्या किंवा चिऱ्यांचा पहिला ट्रक रिकामा झाला की जमीनमालक व कंत्राटदार यांची भेट घ्यावी. शक्य असल्यास दोन-तीन पालकांनी सोबत जावे. भेटीचा सूर तक्रारीचा नसावा. बहुतेक कंत्राटदार स्वतः बापमाणसे असतात आणि आपल्या कामावर अपघात होऊ नये असे त्यांनाही वाटते.

या भेटीत पाच गोष्टी विचाराव्यात. खोदकाम कधी आणि किती खोल होणार? स्लॅब कोणत्या दिवशी पडणार? चिरे, टाइल व ग्रॅनाइट कापण्याचे यंत्र कोठे बसणार? साहित्याची वाहने कोणत्या वेळी येणार? जागेवर दिवसभर हजर असणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर कोणता? या उत्तरांचा एक कागद पाळणाघराच्या भिंतीवर लावावा आणि पालकांनाही पाठवावा.

त्याच वेळी पंचायतीला किंवा पालिकेला साधे पत्र द्यावे. अमुक घरात इतक्या वयाची इतकी मुले सकाळपासून सायंकाळपर्यंत असतात, शेजारी अमुक परवान्याखाली काम सुरू होत आहे, तरी हद्दीवर पक्के कुंपण घालण्याची व खड्डे झाकण्याची सूचना परवानाधारकाला द्यावी, एवढा मजकूर पुरेसा आहे. पत्राच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा सदनिका आठपेक्षा अधिक असल्यास 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार विक्रीच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असते. गोवा रेराच्या संकेतस्थळावर विकासकाचे नाव व पत्ता मिळतो. अनेकदा जागेवर फक्त उपकंत्राटदार भेटतो आणि खरा जबाबदार कोण हेच कळत नाही. तेव्हा ही माहिती कामी येते.

फाटक, रस्ता आणि टिप्पर

मुले सर्वाधिक उघड्यावर असतात ती सोडण्याच्या व नेण्याच्या वेळी. सकाळी पालकांना कामाची घाई असते, दुचाकी चालूच असते, एक मूल कडेवर आणि दुसरे बोटाला धरलेले असते. नेमक्या त्याच वेळी अरुंद रस्त्यावर खडीचा टिप्पर मागे येत असतो. टिप्पर, मिक्सर आणि जेसीबीच्या चालकाला वाहनाच्या लगत मागे व बाजूला उभे असलेले लहान मूल आरशात दिसत नाही. उंची कमी असल्याने मूल त्या आंधळ्या पट्ट्यात पूर्णपणे झाकले जाते.

म्हणून साहित्याची वाहने सोडण्या-नेण्याच्या तासाभरात येणार नाहीत, हा शब्द कंत्राटदाराकडून घ्यावा. वाहन मागे घेताना खाली उतरून इशारा देणारा माणूस असावा. पालकांनी मुलाला रस्त्यावर न सोडता हाताने हातात द्यावे. फाटकाची कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवावी आणि फाटक आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लावावी. दोन-अडीचशे रुपयांच्या त्या स्प्रिंगने जे साधते ते दिवसभर लक्ष ठेवूनही साधत नाही.

बांधकामावरील हिरवी जाळी धूळ आणि बारीक तुकडे काही प्रमाणात अडवते. ती कुंपण नव्हे. मूल तिच्याखालून सहज सरकते. दोन जागांमध्ये पत्र्याचे किंवा फळ्यांचे, खालून मोकळे नसलेले कुंपण हवे. पत्र्याच्या कडा मुलांच्या बाजूला उघड्या राहू नयेत आणि तात्पुरत्या विजेची वायर पत्र्याला टेकू नये, हे रोज सकाळी एकदा पाहावे. अंगणाचा बांधकामाकडील पट्टा मुलांसाठी बंद करावा. परांची त्याच बाजूला असेल तर तेथे कपडेही वाळत घालू नयेत, कारण कपडे काढायला जाणाऱ्या मावशीच्या मागोमाग मुले जातातच.

बांधकामाच्या काळात वाड्यावर अनोळखी माणसे वाढतात. त्यांच्याविषयी संशय बाळगण्याचे कारण नाही, पण एक नियम सर्वांना सारखा लागू असावा. यादीत नाव असलेल्या माणसाच्याच हाती मूल द्यायचे. यादी बदलायची असेल तर पालकांनी स्वतः फोन करावा. मुलांची मोजणी दिवसातून ठरावीक वेळी व्हावी : आल्यावर, अंगणातून आत घेतल्यावर, झोपेनंतर आणि जाताना.

खड्डा, पाणी आणि डास

गोव्यातील बांधकामावर पाणी जागोजागी साठते. पायाचे खड्डे, सेप्टिक टाकीचा व शोषखड्ड्याचा खोदलेला भाग, जमिनीतील पाण्याची टाकी, स्लॅबवर पाणी धरण्यासाठी घातलेले बांध, चुना भिजवायचे पिंप अशी ही यादी लांबते. रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकले तर परत उठता येत नाही. बुडणारे मूल ओरडतही नाही. मिनिटा-दोन मिनिटांत सारे शांतपणे घडते. मूल दिसत नाही असे कळताच घरात शोधण्याआधी पाण्याच्या जागा पाहाव्यात, असे तज्ज्ञ सांगतात ते यामुळेच.

सायंकाळी काम थांबल्यावर पिंपे पालथी करणे, टाकीवर जड झाकण ठेवणे आणि खड्ड्याभोवती कठडा बांधणे हे कंत्राटदाराचे काम आहे. पेडणे व डिचोलीतील काही वाड्यांजवळ जुन्या चिरेखाणीही आहेत. पावसाळ्यात त्या तुडुंब भरतात आणि त्यांच्या कडा उभ्या असल्याने आत गेलेल्याला वर येता येत नाही. पाळणाघराच्या वाटेवर अशी खाण असेल तर मोठ्या मुलांनाही तेथून एकटे सोडू नये.

साठलेल्या पाण्याचा दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण सात ते दहा दिवसांत त्यातून नवा डास तयार होतो. तो दिवसा चावतो, म्हणजे मुले पाळणाघरात असतात त्या वेळी. मलेरियाचा वाहक ॲनाफिलिस स्टीफेन्सी हाही बांधकामावरच्या टाक्यांत वाढतो. बांधकाम मजुरांसाठी आरोग्य कार्डाची पद्धत गोव्यात आहे ती याच कारणाने. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, पिंपे व टाक्या पूर्ण रिकाम्या करून कोरड्या करणे हा साधा उपाय डासाचे चक्र तोडतो. दुपारी झोपणाऱ्या मुलांना मच्छरदाणी असावीच. जवळच्या आरोग्य केंद्राला कळवल्यास कर्मचारी जागेची पाहणी करतात.

खोदकामामुळे आणि चिऱ्यांच्या राशीमुळे आणखी एका पाहुण्याची भीती असते. बिळे मोडली की साप व विंचू आसरा शोधत घराकडे सरकतात. हद्दीलगत चिरे, फळ्या आणि वाळलेला पालापाचोळा साठू देऊ नये. मुलांची पादत्राणे घालण्यापूर्वी झटकावीत.

धूळ : दिसणारी आणि न दिसणारी

चिऱ्याची लाल धूळ लगेच दिसते. ती कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, खिडकीच्या गजांवर बसते आणि तिचाच त्रास सर्वांना जाणवतो. काँक्रीट, ग्रॅनाइट आणि टाइल कापताना उडणारी पांढुरकी धूळ मात्र अधिक घातक असते, कारण तिच्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार वर्षानुवर्षे अशा धुळीत काम करणाऱ्या कामगारांना जडतो. शेजारच्या मुलांना तो होईल असे नाही. परंतु खोकला, डोळ्यांची चुरचूर आणि दमा असलेल्या मुलाला येणारा झटका हे परिणाम त्याच दिवशी दिसू शकतात.

मुलांना धूळ अधिक बाधते याला शरीरशास्त्राचे कारण आहे. प्रौढ माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. वर्षाच्या आतील बाळ 30 ते 60 वेळा घेते. वजनाच्या मानाने ते अधिक हवा आत घेते, जमिनीच्या जवळ राहते आणि हातातली प्रत्येक वस्तू तोंडात घालते. भारतातील मानकांनुसार 24 तासांच्या सरासरीत हवेच्या एका घनमीटरमध्ये 10 मायक्रॉनपर्यंतचे कण 100 मायक्रोग्रॅमपेक्षा आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतचे कण 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सूक्ष्म कणांसाठी 24 तासांची मर्यादा 15 मायक्रोग्रॅमवर आणली.

केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये बांधकामाच्या धुळीसंबंधी काही उपाय बंधनकारक केले. वाळू व माती उघडी न ठेवणे, उघड्यावर दगड न कापणे, पाणी शिंपडणे, वाऱ्याला अडवणारा आडोसा उभारणे, असे ते उपाय आहेत. हवेतील धूलिकण मर्यादेबाहेर गेलेल्या शहरांसाठी ते सक्तीचे आहेत, पण कोणत्याही वाड्यावर ते सहज करता येतात. त्यात सर्वांत परिणामकारक म्हणजे पाणी सोडत ओले कापणे आणि कापण्याचे यंत्र पाळणाघरापासून दूरच्या टोकाला नेणे. कंत्राटदाराला त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

घराच्या आत करायच्या गोष्टी साध्या आहेत. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे; झाडूने बसलेली धूळ पुन्हा उडते. बांधकामाकडील खिडक्या काम सुरू असताना मिटाव्यात आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे घरात कोंडमारा होत नाही. चपला बाहेर, हात धुऊनच खाणे, खेळणी रोज धुणे, जेवण व पाणी झाकलेले. लहान बाळांना मास्क बांधू नये. दोन वर्षांखालील मुलाचा श्वास त्याने अडू शकतो. दमा असलेल्या मुलाचा पंप, त्याचे प्रमाण आणि डॉक्टरांचा नंबर हाताशी असावा.

जुने घर पाडले जाते तेव्हा

पेडणे-डिचोलीत अनेक नवी बांधकामे जुनी घरे पाडून होतात. पाडकामाचे तीन-चार दिवस बाकीच्या कामापेक्षा जोखमीचे असतात. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. भारतात रंगातील शिशाची 90 पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीचे रंग तिच्या बाहेरचे आहेत. मुलाच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही, कारण त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. गोठ्यावर किंवा पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडल्यास त्याचे तंतू हवेत जातात. पत्रे ओले करून, न फोडता, अखंड उतरवायला सांगावे.

पाडकामाच्या दिवसांत मुलांना दुसऱ्या घरी नेणेच योग्य. एखाद्या पालकाच्या घरी किंवा वाड्यावरच्या दुसऱ्या ओळखीच्या घरी तात्पुरती सोय आधीच ठरवावी. स्लॅब पडतो त्या दिवशीही तेच करावे. त्या दिवशी मिक्सर, माणसे, वाहने यांची गर्दी असते आणि सेंट्रिंगवर सर्वाधिक भार येतो.

सामाईक भिंत आणि पावसाळा

बांधकाम कोसळले तर काय होते, याची आठवण गोव्याला वेगळी करून द्यायला नको. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोण येथील चावडीवर रुबी रेसिडेन्सी ही बांधकामाधीन इमारत कोसळली आणि तीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. मात्र शेजारच्या घरासाठी अधिक नेहमीचा धोका भिंतीचा असतो. पुण्यात कोंढवा येथे 29 जून 2019 च्या पहाटे मुसळधार पावसात संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर पडली. त्यात 15 जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती.

भिंत पडण्यामागची यंत्रणा सोपी आहे. भिंतीच्या पायालगत खोल खणले की तिचा आधार जातो. पावसाने मागची माती भिजून जड होते, पाण्याला निचरा मिळत नाही आणि तो सारा दाब भिंतीवर येतो. चिऱ्याची जुनी कुंपणे चिखलात किंवा चुन्यात बांधलेली असतात, त्यांत लोखंड नसते. ती सूचना न देता आडवी होतात. टेकडी कापून केलेल्या जागेवर हा धोका वाढतो. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात डोंगर कापण्यावर व सखल जमीन भरण्यावर कलम 17-अ खाली निर्बंध आहेत. घराच्या वरच्या अंगाला अशी कापणी सुरू असेल तर तिला परवानगी आहे का, हे नगर नियोजन खात्याकडून जाणून घेण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे.

भिंतीत नवा तडा, जुना तडा रुंदावणे, भिंतीचे पोट पुढे येणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, पायातून गढूळ पाणी येणे ही धोक्याची चिन्हे. तड्यावर पेन्सिलने तारीख टाकून दोन्ही टोकांना खूण करावी आणि फोटो काढावा, म्हणजे तडा वाढतो की नाही हे कळते. वाढत असेल तर चर्चेत वेळ घालवू नये. मुलांना भिंतीपासून दूर, दुसऱ्या घरी हलवावे आणि पंचायत, पालकांना व अग्निशामक दलाला कळवावे. पावसाळ्याचे चार महिने मुलांचे अंथरूण सामाईक भिंतीला लागून घालूच नये.

दुपारची झोप

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवता येत नाहीत. पाळणाघरासाठी या तरतुदीचा उपयोग कमी, कारण मुले झोपतात ती दुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बालवाडीतील झोपेच्या खोलीसाठी 30 डेसिबलची शिफारस आहे. ब्रेकरजवळ किंवा दगड कापणाऱ्या यंत्राजवळ आवाज 90 डेसिबलच्या वर जातो.

झोप मोडलेली मुले चिडचिडी होतात, नीट जेवत नाहीत आणि सांभाळणारीही थकते. थकलेल्या माणसाचे लक्ष सुटते, आणि तेथूनच अपघात सुरू होतो. कामगारांची जेवणाची सुटी आणि मुलांची झोप एकाच वेळी येईल अशी सांगड घालता आली तर उत्तम. दुपारी एक ते अडीच या वेळेत ब्रेकर व कटर बंद, प्लास्टर किंवा वीटकाम चालू, अशी तडजोड बहुतेक कंत्राटदार मान्य करतात. झोपण्याची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. झोपलेल्या मुलांना आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने टीव्ही किंवा गाणी लावू नयेत. त्यात मुलाचे रडणे ऐकू येत नाही.

अपघात घडलाच तर

सिमेंट किंवा चुना डोळ्यांत गेल्यास वाट न पाहता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान 20 मिनिटे धुवावा आणि मग रुग्णालय गाठावे. डोळा चोळू देऊ नये. ओले सिमेंट त्वचेलाही भाजते, म्हणून भिजलेले कपडे काढून अंग धुवावे. विजेचा धक्का बसलेल्या मुलाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. पाण्यातून काढलेल्या मुलाचे पोट दाबत बसू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे सुरू करावे. हे तंत्र पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीने एकदा तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावे. खिळा लागल्यास जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीची खात्री करावी. डोक्याला मार लागल्यावर वांती, सुस्ती किंवा बेशुद्धी दिसली तर थांबू नये. सर्पदंशात आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. मुलाला हलू न देता सरकारी रुग्णालयात न्यावे.

108 ही रुग्णवाहिका, 101 अग्निशामक दल, 112 आपत्कालीन सेवा आणि 1098 बालकांसाठीची मदतवाहिनी. हे चार आकडे, घराची नेमकी खूण सांगणारी एक ओळ आणि सर्व पालकांचे फोन दारामागे ठळक लिहून ठेवावेत. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ताही सांगता येत नाही.

बोलून सुटले नाही तर

तोंडी सांगून उपयोग झाला नाही तर पहिली लेखी तक्रार पंचायत सचिव किंवा पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जाते. पुढे पंचायत क्षेत्रासाठी गटविकास अधिकारी आहेत. धूळ व आवाजासाठी साळगाव येथील गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, रात्रीच्या आवाजासाठी पोलीस. पडायला आलेली भिंत किंवा सार्वजनिक वाटेलगतचा उघडा खड्डा यांबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 उपयोगी आहे. कार्यकारी दंडाधिकारी ती भिंत काढण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा खड्ड्याभोवती कुंपण घालण्याचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार कार्यालयात तारखा व फोटोंसह अर्ज करावा. आधी दिलेल्या पत्राची पोच येथे सर्वांत जास्त वजन टाकते.

कुंपणापलीकडची मुले

कुंपणाच्या पलीकडेही मुले असतात. मजूर आई सिमेंटची पाटी उचलते तेव्हा तिचे मूल वाळूच्या राशीवर खेळत असते. ज्या धुळीपासून, खड्ड्यापासून आणि टिप्परपासून पाळणाघरातील मुलांना वाचवायचे, ती त्याच्या अंगणातच असतात. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 50 पेक्षा जास्त महिला कामगार असलेल्या जागी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली सक्तीची केली होती. नव्या कामगार संहितांतही पाळणाघराची तरतूद 50 कामगारांच्या संख्येशीच जोडलेली आहे. वाड्यावरच्या बंगल्याच्या किंवा लहान इमारतीच्या कामावर इतके मजूर नसतात, म्हणून ही मुले कोणत्याच तरतुदीत बसत नाहीत. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू केली ती बांधकामावर अशीच वाऱ्यावर सोडलेली मुले पाहून. मुंबईतही पुढे ते काम पोहोचले.

कंत्राटदाराशी होणाऱ्या पहिल्या भेटीत या मुलांचाही विषय काढता येतो. जागेवर एक सावलीची, कुंपण घातलेली, यंत्रांपासून दूरची खोली आणि तिथे लक्ष ठेवणारी एक बाई, एवढी मागणी पालकांनी आपल्या मागण्यांसोबत ठेवावी. अंगणवाडी सेविकेला कळवले तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गावच्या अंगणवाडीत बसवता येते, तेथे आहार व लसीकरणही मिळते. खड्डा झाकला, पिंप पालथे केले, टिप्परमागे माणूस उभा राहिला, तर त्याचा लाभ कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना होतो.